धैर्यशीलच्या पाठीवरचं बिऱ्हाड

मी एक जुनी बॅग आहे. दप्तर किंवा प्रवासाची पेटी नव्हे हं मित्रांनो, बर्फावरच्या हॉकीची बॅग. तुमची डझनभर दप्तरं माझ्या पोटात सहज मावतील आणि वर एखादा अंग चोरून बसणारा मुलगाही मावेल. माझा रंग मुळात निळा होता. आता कोणता आहे ते सांगणं अवघड आहे, आणि माझ्या वासाबद्दल तर बोलायलाच नको. माझी गोष्ट ऐकायची असेल तर जरा लांब बसा, पण ऐका.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण तुम्ही ऐकली असेल. त्यातला विंचू म्हणजे माझा मालक धैर्यशील आणि बिऱ्हाड म्हणजे मी. त्याने आजवर कुणाला नांगी मारलेली नाही, तेवढं सोडलं तर ही म्हण आम्हा दोघांना चपखल बसते.

माझा जन्म कॅनडातल्या एका कारखान्यात झाला. जाड नायलॉनचं कापड, दुहेरी शिवण, पितळी चेन आणि उचलायला दोन रुंद बंद. तिथून मी एका थंडगार गावातल्या दुकानात आले आणि मापाचे बूट शोधणाऱ्या गिऱ्हाइकांकडे बघत पडून राहिले. एके दिवशी एका गृहस्थांनी मला उचललं, आत डोकं घालून पाहिलं आणि चक्क मराठीत म्हणाले, "यात अख्खा संसार मावेल!" हे पद्माकरराव, धैर्यशीलचे बाबा. पुण्याचे इंजिनिअर. तिथल्या खाणीच्या यंत्रांवर काम करायला आले होते आणि आता कायमचे परत निघाले होते. मुलगा मात्र मागे राहणार होता. शाळेमागच्या गोठलेल्या तळ्यावर तो लहानपणी स्केटिंग शिकला आणि तिथेच अडकला. सतराव्या वर्षी त्याला एका क्लबाने खेळायला बोलावलं होतं.

मधुमतीबाईंना, म्हणजे धैर्यशीलच्या आईला, हे मुळीच पसंत नव्हतं. "माणसं शिकून इंजिनिअर होतात, डॉक्टर होतात. हा बर्फावर घसरायला राहतोय!" असं म्हणत त्यांनी डोळे पुसले आणि माझ्या बाजूच्या कप्प्यात मेतकुटाची पुडी आणि लसणाच्या चटणीची बाटली कोंबली. क्लबाच्या गावी जाणाऱ्या विमानात आम्ही चढेपर्यंत ती बाटली फुटली होती. म्हणजे बघा, मला लागलेला पहिला वास घामाचा नव्हता, लसणाच्या चटणीचा होता. लोक उगाच त्या पोराला दोष देतात.

पुढची वीस-एक वर्षं आम्ही दोघांनी पायाला भिंगरी लावली. मी आधीच सांगून टाकते, धैर्यशील काही नावाजलेला खेळाडू झाला नाही. टीव्हीवर दिसणारे खेळाडू वेगळे. हा लहान गावांच्या लहान क्लबांतला. एक हंगाम संपला की करार संपायचा, की दुसऱ्या गावाहून फोन यायचा, की मी पुन्हा भरली जायचे. इंग्लंडच्या उत्तरेला एका गावात रिंकचं, म्हणजे बर्फाच्या मैदानाचं, छत गळायचं आणि बर्फावर बादल्या ठेवून सराव चालायचा. स्लोव्हाकियातल्या गावात घरमालकीण मला अंगणात सफरचंदाच्या झाडाला टांगून वाळवायची, ते माझ्या आयुष्यातले सर्वांत सुगंधी दिवस. हंगेरीत ध्वनिक्षेपकावरून त्याचं नाव घेणाऱ्या माणसाची जीभ 'धै'लाच अडायची, म्हणून तो नुसता "भारतीय!" असं गर्जायचा आणि सगळं गाव टाळ्या वाजवायचं. जपानमध्ये होक्काइडोला तर बाहेरच एवढा बर्फ होता की आत जाऊन खेळायचं कशाला, असा मला प्रश्न पडायचा.

त्याचं काम गोल करण्याचं नव्हतं. समोरच्याने रबराची जाड चकती, म्हणजे पक, गोलाकडे मारली की मध्ये आडवं पडायचं आणि ती अंगावर घ्यायची. कुणीतरी पडायला लागतं, तो पडायचा. पुढचे दोन दात गेले, एका गुडघ्याची वाट लागली, पण खोलीवर आल्यावर मला उघडताना तो नेहमी शीळ घालायचा. खेळून मन भरलेल्या माणसाची शीळ मला ओळखू येते.

एक गोष्ट मात्र त्याला कधी मिळाली नाही, ती म्हणजे कप. गंमत अशी की तो ज्या क्लबातून निघायचा, तो क्लब पुढच्याच वर्षी जिंकायचा! एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. मित्र फोन करून सांगायचे, "तुझा पायगुण फार चांगला आहे रे, पण तो निघून जातानाच लागतो." धैर्यशील पोट धरून हसायचा. मग मला कोपऱ्यात सारून बराच वेळ माझ्यावर बसून राहायचा. वजनावरून मला कळायचं.

मग लग्न झालं, जाई झाली आणि अनघाला, म्हणजे त्याच्या बायकोला, सिंगापूरला नोकरी लागली. आम्ही सेंगकांगमधल्या एका उंच इमारतीत राहायला आलो. विषुववृत्तावर बर्फाची हॉकी म्हणजे वाळवंटात होडी चालवण्यातलाच प्रकार, असं मला वाटलं होतं. पण इथे एका मॉलच्या वरच्या मजल्यावर छोटं रिंक निघालं. बाहेर घामाच्या धारा आणि दार ढकललं की आत हुडहुडी. धैर्यशील तिथे मुलांना शिकवू लागला आणि संध्याकाळी हौशी लोकांच्या 'ऑटर्स' संघातून खेळू लागला. ऑटर्स म्हणजे पाणमांजरं, इथल्या नद्यांतून सहकुटुंब हिंडतात ती. संघाचा कप्तान वेई मिंग हा दातांचा डॉक्टर. "हा माणूस मला वीस वर्षांपूर्वी भेटायला हवा होता," धैर्यशील म्हणायचा.

माझे दिवस मात्र फिरले. इथल्या दमट हवेत माझ्यातलं काही वाळेना. अनघाने मला घराबाहेर कॉरिडॉरमध्ये, चपलांच्या कपाटाशेजारी ठेवलं. समोरच्या फ्लॅटमधल्या लिम आंटींनी एकदा नाकाला रुमाल लावून विचारलं, "अय्यो, समथिंग डाय इनसाइड आह?" इतके देश पाहिलेल्या बॅगेला हे ऐकावं लागलं! पण जाळीच्या दारातून घरातलं सगळं दिसायचं आणि ऐकूही यायचं, म्हणून मी तोंड मिटून राहिले. तशीही माझी चेन अर्धीच लागते.

यंदा आई, म्हणजे मधुमतीबाई, सिंगापूरला राहायला आल्या. पद्माकरराव गेल्यानंतरचा हा त्यांचा पहिलाच मोठा प्रवास. नवरात्र होतं, त्यांनी बैठकीच्या खोलीत घट बसवला. त्याच आठवड्यात दोन गोष्टी जुळून आल्या. ऑटर्स अंतिम सामन्यात पोहोचले आणि गुडघा तपासून डॉक्टरांनी धैर्यशीलला सांगितलं की हा हंगाम शेवटचा. म्हणजे एकच सामना उरला. कप मिळाला तर त्यात, नाहीतर कधीच नाही. शिवाय आईंनी त्याचा एकही मोठा सामना पाहिलेला नव्हता. त्या येणार होत्या. सामना नवमीच्या संध्याकाळी होता.

तुम्हाला माहीतच असेल, नवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा करतात. ज्याच्यावर पोट चालतं ते हत्यार. सुताराची करवत, शिंप्याची कात्री, पद्माकररावांच्या घरी त्यांची मोजपट्टी आणि नट आवळायचे पाने. एकदा पूजेला मांडलं की दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत ते उचलायचं नाही, वापरायचं तर नाहीच.

त्या सकाळी धैर्यशील मुलांकडून रिंकबाहेरच्या कसरती करून घ्यायला गेला होता, म्हणून मी घरीच होते. आई जाळीचं दार उघडून बाहेर आल्या. मला वाटलं, आता मला कचऱ्याच्या खोलीत नेणार. पण त्या चक्क माझ्याजवळ खाली बसल्या, पदर नाकाला लावला आणि त्यांनी माझी चेन उघडली. आतून त्याची स्टिक आणि स्केट्स, म्हणजे खाली पातं असलेले बूट, काढले. पुसले, चमकवले आणि अडकित्त्याला लावावं तसं पात्यांना खोबरेल तेल चोळलं. हळद-कुंकू लावलं, वर जास्वंदीचं फूल ठेवलं आणि घटाशेजारी पाटावर मांडले.

दुपारी धैर्यशील आला आणि दारातच थबकला.

"अरे, बघतोस काय? पाया पड," आई म्हणाल्या. "इतकी वर्षं तुझ्या बाबांची पट्टी मांडली, माझी कात्री मांडली. तुझ्या खेळाला मी कधी हत्यार म्हटलंच नाही. घसरगुंडी म्हणत राहिले. काल रात्री झोप येईना, तेव्हा डोक्यात आलं. चुकलंच माझं."

धैर्यशील वाकला. पाटाच्या पाया पडला, आईच्या पाया पडला. उठायला त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, आणि ते काही नुसत्या गुडघ्यामुळे नव्हतं.

"आता उद्यापर्यंत हलवायचे नाहीत हं," आई म्हणाल्या. मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. "अगं बाई, आज तुझा सामना ना? दुसरी जोडी असेल की तुझ्याकडे! एवढा मोठा खेळाडू तू."

"आहे ना आई," तो म्हणाला.

नव्हती, मित्रांनो! मी त्याचं बिऱ्हाड, माझ्या पोटात काय आहे आणि काय नाही ते मला माहीत नसणार तर कुणाला? अनघा त्याच्यामागून बाहेर आली आणि दार लोटून दबक्या आवाजात म्हणाली, "वेडा आहेस का तू? शेवटचा सामना आहे. आईंना सांग, त्या लगेच देतील."

"देतील गं," धैर्यशील म्हणाला. "पण आज पहिल्यांदा मांडलेत तिने. ते मी उचलायचे? कप नाही तर नाही. तू काही बोलू नकोस."

अनघा बोलली नाही. पण जाई तिथेच चपला घालत होती, आणि तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

रिंकवर बाहेरच्या लोकांना भाड्याने स्केट्स मिळतात. निळे, प्लास्टिकचे, वाढदिवसाच्या पार्टीला आलेली मुलं घालतात तसले. धैर्यशीलने ते चढवले, वेई मिंगची जादा स्टिक घेतली आणि बर्फावर उतरला. लॉकर रूम कोंदट असल्यामुळे मला खेळाडूंच्या बाकामागे ठेवतात, तिथून मला सगळं दिसत होतं. प्रेक्षकांत आई बसल्या होत्या. सहावारी साडी, वर स्वेटर, कानटोपी आणि मांडीवर शिऱ्याचा डबा.

काय सांगू तुम्हाला, बघवत नव्हतं. वळायला गेला की पाय भलतीकडेच जायचे. थांबायला गेला की बसायचाच. समोरचा 'हार्बर' संघ ताडमाड उंच लोकांचा, त्यांनी ते बरोबर हेरलं आणि सगळा हल्ला त्याच्याच बाजूने चढवला. तीनपैकी पहिला टप्पा संपला तेव्हा आमच्यावर दोन गोल झाले होते. धैर्यशील बाकावर येऊन बसला. नेहमीची शीळ नव्हती.

प्रेक्षकांतून आईंचा आवाज आला. "काय गं जाई, तुझे बाबा असेच खेळतात? इतकी वर्षं या क्लबवाल्यांनी याला ठेवून तरी कसं घेतलं?"

"नो ला, आजी!" जाई उसळून म्हणाली. "बाबा सो गुड वन! दोज आर रेंटल स्केट्स. त्याचे रिअल स्केट्स तू देवाला दिले ना!"

आईंनी अनघाकडे पाहिलं. अनघाने मान खाली घातली. आई ताडकन उठल्या. सत्तरी उलटलेली बाई, पण जाईचा हात धरून अशा निघाल्या की दारावरचा माणूस आपोआप बाजूला झाला.

पुढचं मी जाईच्या तोंडून नंतर ऐकलं. टॅक्सीने दोघी घरी पोहोचल्या. आईंनी चपला काढल्या, पाय धुतले आणि पाटासमोर उभ्या राहिल्या. जाई म्हणाली, "आजी, पण टुमॉरोपर्यंत टच नाही करायचं ना?"

"हो ना," आई म्हणाल्या. "दशमी लागल्याशिवाय उचलायचं नसतं." मग थोडा विचार करून म्हणाल्या, "पण तुझा बाबा एवढी गावं फिरलाय. त्यातल्या एखाद्या तरी गावात लागली असेल की दशमी!" त्यांनी अक्षता वाहिल्या, 'पुनरागमनाय च' म्हटलं आणि देवीला हात जोडून सांगितलं, "तू स्वतः लढलेली आहेस. तुला हे समजावायला नको." स्केट्स ओटीत घेतल्यासारखे पदरात घेतले, स्टिक जाईच्या हातात दिली आणि दोघी त्याच टॅक्सीने परत आल्या.

दुसरा टप्पा संपता संपता आई थेट खेळाडूंच्या बाकापाशी अवतरल्या. पंच काहीतरी म्हणायला पुढे आला, पण आईंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो आपल्या शिट्टीकडे बघू लागला.

"पाय पुढे कर," त्या म्हणाल्या.

"आई, पूजा…"

"पूजा झाली. हत्यार पूजतात ते कशासाठी? शोभेला? खोटं बोलतोस होय रे आईशी? दुसरी जोडी आहे म्हणे!" बोलता बोलता त्यांनी पात्यांवरचं खोबरेल पदराने पुसून काढलं. "आता माझ्याकडे बघत बसू नकोस. बांध नाड्या."

धैर्यशील नाड्या बांधू लागला. डोळे भरल्यामुळे त्याला भोकं दिसत नव्हती. शेवटी एक बूट आईंनीच बांधला, शाळेत पाठवताना बांधतात तसा, दुहेरी गाठ मारून. वेई मिंग हे सगळं आ वासून बघत होता.

आणि मग माझा धैर्यशील बर्फावर उतरला! बुटांवर कुंकवाची बोटं, नाडीत अडकलेली जास्वंदीची पाकळी. आता पाय त्याचं ऐकत होते. त्याच्या बाजूने कुणी फिरकेना. आमच्या पोरांच्या अंगात बळ आलं, एक गोल फिटला, मग दुसराही. बरोबरी झाली. रिंकभर आरडाओरडा चालू होता आणि त्यात एक आवाज शुद्ध पुणेरी होता, "अरे पुढे बघ! तो निळ्या सदऱ्यावाला मोकळा आहे!"

अगदी शेवटाला हार्बरच्या सर्वांत दांडग्या गड्याने हात मागे घेऊन पक ठोकला. आमचा गोल उघडा होता. मध्ये कुणी नव्हतं. आणि मग धैर्यशील होता. आयुष्यभर जे केलं तेच त्याने पुन्हा केलं. आडवा पडला. पक त्याच्या बरगडीवर थाडकन आदळला आणि उडून वेई मिंगच्या पुढ्यात गेला. दातांच्या डॉक्टरने तो उचलला तो थेट पलीकडच्या गोलात.

ज्या गोलासाठी धैर्यशीलने उभी हयात घालवली, तो त्याने पाहिलाच नाही. बर्फात तोंड घालून पालथा पडला होता. त्याला कळलं ते आईच्या ओरडण्यामुळे. "ऊठ रे धैर्या, ऊठ! झाला गोल! ऊठ, जिंकलास तू!"

कप अगदी लहान होता, पत्र्याचा, आणि त्याचा एक कान जरा वाकडा होता. कप्तानाने तो पहिल्यांदा उचलायचा असतो. वेई मिंगने तो हातातही घेतला नाही, धैर्यशीलकडे बोट दाखवलं. धैर्यशीलने कप डोक्यावर धरला आणि त्याच्या दोन दातांच्या खिंडीसकट सगळं हसू बाहेर पडलं. या खेळात जिंकलेल्या कपातून पिण्याची रीत आहे. पण आईंनी डबा उघडला आणि कपात शिरा भरला. "नैवेद्याचा आहे, खाली सांडू नका," एवढी एकच सूचना दिली. मग पाणमांजरांनी, आणि मागाहून हार्बरच्या त्या ताडमाड लोकांनीसुद्धा, रांग लावून कपातला शिरा खाल्ला. ज्याने पक मारला होता त्याने दोनदा घेतला.

मग सामान भरायची वेळ आली. स्टिक, पॅड, हेल्मेट आणि सगळ्यांत वर तो कप. मित्रांनो, मी आजवर कितीतरी ओझी वाहिली, पण कप कधी वाहिला नव्हता. माझी अर्धी लागणारी चेन त्या दिवशी पूर्ण लागली, का ते मला विचारू नका.

धैर्यशील मला पाठीवर घ्यायला वाकला आणि बरगडी धरून तसाच थांबला. तेवढ्यात माझा एक बंद कुणीतरी उचलला.

"आई, सोड. जड आहे ती."

"माहितेय मला," आई म्हणाल्या. "इतकी वर्षं एकट्याने वाहिलीस. धर तिकडून."

आम्ही मॉलबाहेर आलो. बाहेर सिंगापूरची नेहमीची ऊब होती. पुढे अनघा आणि जाई, मागे एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला आई आणि मध्ये मी. दोघांच्या उंचीत एवढा फरक की मी पूर्ण वेळ तिरकी लोंबकळत होते. आईंनी नाकाला पदर लावला नव्हता. मला रडू आलं. आधीच ओली होते म्हणून कुणाला कळलं नाही.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. खेळून आलात की ओले कपडे बॅगेत कोंबून ठेवू नका, आम्हाला उघडून वाऱ्यावर ठेवत जा. आम्हीही तुमच्या बरोबरीने दमतो. आणि तुमच्या घरातलं कुणी रोज आपलं ओझं पाठीवर घेऊन कुठेतरी खेळायला, राबायला जात असेल, तर एकदा तिथे जाऊन त्याचा खेळ बघा. तो जिंकेल तेव्हा जाऊ, असं म्हणत थांबू नका. जा, जोरात ओरडा, आणि परत येताना बॅगेचा एक बंद तुम्ही धरा.